नकाशेसाहेबांची रेघ

नकाशेसाहेब पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठे जातो, कुठे वळतो, कुठल्या वळणावर व्हॉल्व्ह आहे, हे त्यांनी कागदावर काढलं की मग माणसं कुदळी घेऊन खणायला जात. रेघ जरा सरकली तर भलत्याच माणसाचं अंगण खणलं जायचं. त्यामुळे रेघ सरकू द्यायची नाही, हा त्यांचा धर्मच होऊन बसला होता. निवृत्त झाले आणि आठच दिवसांत बायको म्हणाली, "अहो, माझ्या डब्यांवर लेबलं लावून झाली असतील तर आता घराबाहेर कुठेतरी जात जा." म्हणून ते शनिवारच्या मंडळात जायला लागले. 'नकाशेसाहेब' हे नाव त्यांना तिथंच पडलं.

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली, एक लांब टेबल आणि सात-आठ हौशी माणसं. प्रत्येकानं आठवड्याभरात काढलेलं एक चित्र आणायचं, टेबलावर पालथं ठेवायचं, आणि एकेक उलटत गेलं की सगळ्यांनी त्यावर बोलायचं. माध्यम कुठलंही चालेल. मंडळ चालवणाऱ्या बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्या चारकोलनं मोठमोठे चेहरे काढायच्या आणि त्यांच्या बाहीला, कपाळाला, चहाच्या कपाला काळं लागलेलं असायचं. दातांचे एक डॉक्टर जलरंगात तळी रंगवायचे. एक टेलरबाई होत्या, चाळिशीच्या. कपडे बेतायला वापरतात त्या खाकी कागदावर त्या बॉलपेननं आणि शिंप्याच्या खडूनं घरं काढायच्या. बाकीचे आज आहेत, उद्या नाहीत असे.

साहेब काढायचे नळ, जिने, खिडक्यांचे गज. अगदी बारीक निबेचं पेन, काळी शाई, पांढरा कागद. त्यांचं चित्र उलटलं की बाई म्हणायच्या, "स्वच्छ आहे." डॉक्टर म्हणायचे, "व्यवस्थित." आणि पुढचं चित्र उलटलं जायचं. पहिलं वर्षभर साहेबांना ही स्तुतीच वाटली. मग एका शनिवारी त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. डॉक्टरांच्या तळ्यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं, त्यांच्या नळावर पाऊण मिनिट.

"स्वच्छ म्हणायला ते काय भांडं आहे?" घरी हे ऐकून बायको म्हणाली.

साहेबांच्या डोक्यात ते बसलं. यांना बोलायलाच लागेल असं काहीतरी काढायचं, असं त्यांनी ठरवलं. वाचनालयाच्या बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी गोल जिना होता. एकोणतीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला जाळी, कठड्याचे गज वर जाता जाता एकमेकांत मिसळणारे. सरळ जिना कुणीही काढेल. गोल जिना काढताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. साहेब घडीची खुर्ची घेऊन तीन सकाळी त्या जिन्यासमोर बसले, मापं घेतली, पेन्सिलीचा कच्चा आराखडा केला, आणि घरी येऊन त्यावर शाई फिरवायला घेतली.

सातव्या पायरीवर हात हलला.

आधी त्यांना वाटलं, टेबल हललं. त्यांनी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. मग वाटलं, चहा जास्त झाला. चहा बंद केला. कोपर टेकवून पाहिलं, मनगटाखाली पुस्तक ठेवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. श्वास रोखला की रेघ इंचभर नीट जायची आणि मग थंडीनं कुडकुडल्यासारखी व्हायची. पहिला कागद फाडला. दुसरा फाडला. तिसऱ्यावर पेन इतकं दाबलं की निब वाकली. चौथा कागद कसाबसा पुरा झाला. पायऱ्या होत्या, गज होते, मापंही बरोबर होती. पण एकही रेघ जागेवर स्वस्थ उभी नव्हती.

"दाखवा बघू," बायको म्हणाली. तिनं चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. "हे कधीपासून?"

"कागद खराब आहे," साहेब म्हणाले.

शनिवारी रिकाम्या हातानं जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तोच चौथा कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि आपली पाळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

चित्र उलटलं.  बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दोन्ही हात टेबलावर टेकून त्या म्हणाल्या, "साहेब! अहो, इतके दिवस कुठे लपवून ठेवला होता हा माणूस?"

"कुठला माणूस?"

"हाच! रेघेत जीव आलाय तुमच्या. बघा ना हो डॉक्टर, जिना थरथरतोय नुसता!"

डॉक्टर उठून जवळ आले. "फूटपट्टी टाकलीत एकदाची," असं म्हणून त्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, जिना चढायची भीती दिसते. कुणी म्हणालं, नाही, वारा दिसतो. पंचवीस मिनिटं चर्चा चालली. बाईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं की पुढच्या महिन्यातल्या मंडळाच्या प्रदर्शनात हा जिना पहिल्या भिंतीवर लागणार. साहेब मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना तो विनय वाटला. टेलरबाई तेवढ्या गप्प होत्या.

साहेब घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"फार आवडलं."

"मग सुतक असल्यासारखं तोंड का केलंय?"

साहेब उठून चपला काढायला गेले. सोमवारी ती त्यांना बळेच डॉक्टरकडे घेऊन गेली. दातांच्या नव्हे, खऱ्या. त्यांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, कागदावर गोल गोल भोवरा काढायला लावला. घाबरण्यासारखं काही नाही, वयानं काहींना असा कंप सुटतो, गोळ्यांनी थोडा कमी होईल, असं म्हणाले. "पूर्ण जाईल का?" साहेबांनी विचारलं. "त्याच्याशी जुळवून घ्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

साहेबांनी जुळवून घ्यायचं ठरवलं. बारीक पेन जमत नाही तर जाड माध्यम घेऊ. चारकोल आणला, कोळशाची कांडी बोटांत मोडायची आणि कागदापेक्षा लेंगाच जास्त काळा व्हायचा. जलरंग आणले, जिथं पाणी जायला नको तिथंच ते जायचं, आणि ज्या माणसानं आयुष्यभर पाणी पाइपात कोंडून ठेवलं त्याच्या डोळ्यांदेखत पसरत राहायचं. तेलखडूनं काढलेली खिडकी पाहून बायको म्हणाली, "पाव आहे का?" साहेबांनी खडूची पेटी कपाटावर भिरकावली. चार खडू मागे भिंतीच्या फटीत पडले, ते अजून तिथंच आहेत.

पुढच्या शनिवारी सगळे त्यांच्या चित्राची वाट बघत होते. साहेबांनी दोन वर्षांपूर्वीचा, निवृत्तीच्या सुमाराला काढलेला पाण्याच्या टाकीचा जिना आणला होता. एकेक रेघ तारेसारखी ताठ. चित्र उलटलं आणि खोलीत एक बारीकसा सुस्कारा ऐकू आला.

"परत मागे गेलात की हो," बाई म्हणाल्या.

"मागचंच आहे ते," साहेब म्हणाले. "मला काढायचं असतं ते हे. मागच्या वेळी तुम्हाला आवडलं ते मी काढलेलंच नाही. माझा हात कापतो. जीव नाही बाई तो, दुखणं आहे."

 दातांचे डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "वाईट वाटलं ऐकून. पण तरीही साहेब, चित्र म्हणून ते उत्तमच आहे."

"कारण काही का असेना," बाई म्हणाल्या, "कागदावर जे आलं ते आलं. मला विचाराल तर हे नशीबच म्हणायचं, वाईटातून काहीतरी—"

"नशीब?" साहेबांचा आवाज चढला. या खोलीत तो कधी चढला नव्हता. "बाई, उद्या तुम्हाला कमी दिसायला लागलं आणि चेहऱ्याचं नाक कानाशी गेलं, आणि मी टाळ्या वाजवल्या, तर चालेल तुम्हाला? मी जे काढलं नाही त्याची शाबासकी मी कशाला घेऊ? माझा जिना परत द्या."

"तो फ्रेमला गेलाय. आमंत्रणपत्रिकेवरही छापलाय."

"मग पत्रिकेवर राहू दे. भिंतीवर नको."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी वाईट मनानं काहीच केलं नव्हतं, हे साहेबांनाही कळत होतं, आणि त्यामुळे राग आणखी कुठे काढायचा ते कळत नव्हतं. दोन दिवसांनी जिना फ्रेमसकट घरी आला. बरोबर चिठ्ठी नव्हती. साहेबांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि शनिवारी जाणं बंद केलं. प्रदर्शनाला बायको एकटीच जाऊन आली. "छान होतं," एवढंच म्हणाली, आणि मग न राहवून, "पहिल्या भिंतीवर तळं लावलंय."

दिवस जात नव्हते. गोळ्यांनी हात जरा निवला, पण सुईत दोरा ओवण्याइतका नाही. साहेब सकाळी टेबलाशी बसायचे, कागद पसरायचे, पेनं धुवायचे, पुसायचे, आणि परत डबीत ठेवायचे.

एका बुधवारी दुपारी दारावर टेलरबाई उभ्या होत्या. काखेत खाकी कागदाची गुंडाळी.

"काका, रागावला नसाल तर जरा काम होतं," त्या म्हणाल्या. आत येऊन त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली. दोन खोल्यांचं घर होतं, बाहेरून वर जाणारा दगडी जिना, दारात दोरीवर कपडे. सगळंच्या सगळं डावीकडे कललेलं. "आमचं लहानपणचं घर. रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं. तीन वर्षं मी हेच काढतेय, आणि दर वेळी ते असं पडतं. मंडळात मी विचारलं, हे सरळ कसं करू? तर सगळे म्हणाले, अजिबात करू नका, हीच तर तुमची गंमत आहे." त्यांनी कागदावर हात आपटला. "मला नकोय ती गंमत! एकदा पाडलं तेवढं पुरे नाही का? कागदावर तरी उभं राहू दे. तुम्ही त्या दिवशी बोललात ना, ते ऐकून मला वाटलं, हा माणूस सांगेल."

साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला.

"तुमच्या जिन्याला डोळाच नाही," ते म्हणाले. "बघणारा कुठे उभा आहे?"

"दारासमोर. मी शाळेतून येतेय."

"मग क्षितिजाची रेघ एवढ्या वर कशी? एवढीशी मुलगी ना तुम्ही? खाली आणा. आणखी खाली. आता सगळ्या पायऱ्यांच्या कडा एका ठिपक्याकडे जाऊ देत. तो ठिपका नाही! तो कपड्यांच्या दोरीचा खिळा आहे!"

"मग नीट सांगा ना. तोंडातल्या तोंडात काय बोलताय?"

साहेब शिकवण्यात अगदीच वाईट होते. आपल्याला दिसतं ते दुसऱ्याला का दिसत नाही, हेच त्यांना उमजायचं नाही. टेलरबाई एकदा रडकुंडीला आल्या, एकदा चिडून "माझी कात्री धरून दाखवा तुम्ही!" म्हणाल्या. बायको दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो निवला. नवव्या पायरीशी साहेबांचा धीर सुटला. "आणा इकडे," म्हणून त्यांनी पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतःच रेघ मारली. ती निम्म्यात वाकडी होऊन खालच्या पायरीत शिरली.

टेलरबाईंनी वाकून पाहिलं. "ही चुकलीय काका," त्या म्हणाल्या. "खोडू का?"

 महिनाभर लोकांनी त्या रेघेला काय काय नावं दिली होती.

"खोडा," ते म्हणाले. "आणि तुम्हीच मारा. मी सांगतो."

टेलरबाई दर बुधवारी येऊ लागल्या. पाचव्या बुधवारी घर उभं राहिलं. दाराची चौकट ओळंब्यात, जिन्याच्या तेरा पायऱ्या एकीखाली एक, दोरीवर कपडे.  जाताना टेलरबाईंनी कागद असा गुंडाळला की जणू आत कुणीतरी झोपलंय.

शनिवारी त्या ते मंडळात घेऊन गेल्या, आणि तिथून थेट साहेबांच्या घरी आल्या. चेहरा लालबुंद.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"स्वच्छ आहे म्हणाले!" टेलरबाईंनी पिशवी खुर्चीत टाकली. "तीन वर्षं काढलं मी ते घर, काका. आणि पुढे म्हणतात, पूर्वीची मजा गेली, नकाशेसाहेबांचं वारं लागलं वाटतं! डोकं फिरलं नुसतं माझं."

साहेबांनाही संताप आला. तावातावानं ते येरझारा घालू लागले, बाईंना काय सुनवायचं ते मोठमोठ्यानं बोलू लागले. शनिवारी स्वतः जाऊन सांगतो म्हणाले, मग म्हणाले, जाऊन उपयोग काय. टेलरबाईही त्यांच्या आवाजात आवाज मिसळत होत्या. दोघांचं मिळून एवढं वाजलं की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

मग बायको आतून आली. "आता ओरडून झालं असेल तर," ती म्हणाली, "त्या घराची मागची बाजू कशी होती ते कुणी सांगेल का मला? मोरी कुठे होती?"

टेलरबाईंनी डोळे पुसले. "मागे होती," त्या म्हणाल्या. "आणि मोरीपाशी एक नळ होता. सारखा गळायचा."

"केवढा नळ? अर्ध्या इंचाचा की पाऊण?" साहेब म्हणाले, आणि कपाटातून नवा कागद काढायला उठले.