माझा ढिला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. घराच्या खिडकीचा असतो तर वाऱ्यावर मजेत डुलत राहिलो असतो. पण मी आहे एका छोट्या गाडीच्या पुढच्या काचेचा पडदा. गाडी उभी असताना ऊन अडवणे हे माझे काम. या गाडीत एसी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात माझा भाव जरा जास्तच वधारायचा.

माझा जन्म मोडक्या छत्र्यांतून झाला. माझ्या मालकिणीचे वडील छत्र्या दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. लोकांनी टाकून दिलेल्या सात छत्र्यांचे चंदेरी कापड त्यांनी उसवले, तुकडे जुळवले आणि काचेच्या मापाने मला शिवले. टाके इतके बारीक होते की उन्हाला शोधूनही फट सापडू नये. काचेला चिकटून राहावे म्हणून चार कोपऱ्यांना चार रबरी वाट्या लावल्या. बाजूच्या काचांना काळ्या कापडाचे छोटे पडदे केले. ते माझे धाकटे भाऊ.

मालकीण नर्स आहे. घरोघरी जाऊन ती रुग्णांच्या जखमांची मलमपट्टी करते. बाबांना घरी एकटे करमत नसे, म्हणून तेही तिच्या शेजारच्या सीटवर बसून फिरत. गाडी थंड ठेवायची शिस्त त्यांनीच तिला लावली. गाडी सावलीत उभी करायची, काचा दोन बोटे खाली ठेवायच्या. निघताना एका बाजूची काच पूर्ण उतरवायची आणि दुसऱ्या बाजूचे दार सहा वेळा उघड-बंद करायचे, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर जाते. लोकांना याचे हसू यायचे.

"काय ताई, गाडीला वारा घालताय का?" एका दुकानदाराने विचारले.

"हो ना, रुसलीये सकाळपासून!" ती म्हणाली.

आत बसल्यावर स्टिअरिंगला हात लावून ती म्हणायची, "बाबा, तुमच्या पडद्यामुळे हात भाजत नाहीत हो." ते ऐकून मी हुरळून जात असे. मला वाटे, गाडी मीच थंड ठेवतो.

पुढे उन्हाने माझी एक वाटी कडक झाली. बाबा बसायचे त्या बाजूचा माझा वरचा कोपरा सारखा निसटू लागला. "उद्या बदलतो," असे बाबा रोज म्हणत. गल्लीभरच्या छत्र्या वेळेवर मिळत आणि घरचा पडदा तसाच राही. मला फार राग येई. भाऊ ताठ उभे आणि मी कान पडल्यासारखा लोंबतोय, याची लाजही वाटे.

तो दिवस मला विसरता येत नाही. रस्ता खणला होता आणि धुळीचे लोट उठत होते. रुग्णाच्या घरापाशी गाडी थांबली तेव्हा बाबांना डुलकी लागली होती. मालकिणीने त्यांच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून काचा घट्ट बंद केल्या, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मला लावले, भावांना लावले आणि सवयीने गाडीला कुलूप घातले. "बाबा, पाच मिनिटांत आलेच," असे ती हळूच म्हणाली. आमच्यावर तिचा केवढा विश्वास होता!

वरच्या मजल्यावरच्या रुग्णाची जखम चिघळली होती. पाच मिनिटांची पंचवीस झाली.

मी जिवाच्या आकांताने ऊन अडवत होतो, पण आतली हवा तापतच गेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी ऊन अडवतो, उकाडा नाही. बाबा जागे झाले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. काच खाली करायची मूठ त्यांनी चाचपली, पण ती फिरवायला हातात जोर नव्हता. बाहेरून माणसे जात होती. त्यांना फक्त माझे चकचकीत अंग दिसत होते. मीच बाबांना सगळ्यांपासून लपवले होते.

आणि माझा ढिला कोपरा निसटला.

तिथून चाललेल्या पोस्टमनने सहज आत पाहिले. "अहो, आत म्हातारं माणूस आहे!" तो ओरडला. दार उघडेना, तेव्हा त्याने खणलेल्या रस्त्यातला दगड उचलून पलीकडची काच फोडली. आवाज ऐकून मालकीण धावत आली. तिने बाबांना सावलीत नेले, ओल्या कापडाने त्यांचे अंग पुसले. ती नर्स होती, काय करायचे ते तिचे हात जाणत होते. "बाबा, माझं चुकलं हो," एवढेच ती म्हणत राहिली.

बाबा वाचले. मात्र त्यांचे हात पहिल्यासारखे झाले नाहीत. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा छत्र्यांचे काम सुटले.

एके दिवशी त्यांनी मला मांडीवर घेतले. आता वाटी बदलतील, असे मला वाटले. पण त्यांनी लेकीला कात्री दिली. "ह्याच्या मधोमध तळहाताएवढं भोक पाड," ते म्हणाले.

"बाबा, ऊन येईल आत!"

"येऊ दे. माणूस दिसला पाहिजे."

तिने भोक पाडले आणि कडेने टाके घातले. टाके वेडेवाकडे आहेत, तिला शिवणकाम येत नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा, पण माझ्या भरवशावर कुणालाही बंद गाडीत ठेवू नका, एक मिनिटही नाही. बाबा आता गाडीतून फिरत नाहीत, घरीच असतात. तरीही मालकीण गाडीला कुलूप लावते आणि वाकून माझ्या भोकातून त्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहते. मगच रुग्णाच्या घरी जाते.