धुनीवरची फाडी

"तड्ड!" आवाज झाला आणि नाल्याकाठी जमलेला तांडा मातीत कपाळ टेकून वाकला. पुलासाठी देगलूरकडून आणलेल्या ग्रॅनाइटच्या फाडीवर धावजी महाराजांनी रात्रभर धुनी पेटवली होती. सकाळी वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि वीतभर जाडीची ती फाडी दुभंगली!

"देवीले पूल नाई पाह्यजे!" महाराज नारळांच्या ढिगामागून गरजले. "दगड बसवसान तं तांडा गिळन!"

गफ्फारमिस्त्री कपाळाला हात लावून बसला. अशी ही तिसरी फाडी. त्याची लेक अकीला ढाणकीच्या शाळेत आठवीत होती. मागच्या पावसाळ्यात नाल्यापायी तिची परीक्षा हुकली. यंदा पूल झाला नाही तर अब्बा शाळा सोडवणार होते. महाराजांची आधी बोलकी बाभूळ, मग दूध पिणारं वारूळ, आता हे! तिचे कान किटले होते.

"हरिसिंगकाका," ती तांड्याच्या नायकाला म्हणाली, "बिनधुनीच्या फाडीवर गाडी चढवा ना."

"अन् देवी कोपली तं?"

"मलेच बसवा गाडीत!"

मुरमात बसवलेल्या फाडीवर दगडांनी भरलेली बैलगाडी चढली. बैल फुसफुसले, फाडीनं मात्र हूं की चूं केलं नाही.

"देवी मंतरानं बोलते, ओझ्यानं नाई!" महाराज घाईनं म्हणाले.

अकीलानं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, त्यात फाडीचे दोन तुकडे टाकले. चांगले तापल्यावर एकावर पाणी ओतलं. तड्ड!

"या दगडात कण वेगवेगळे असते," ती म्हणाली. "जाळात सारखे फुगत नाई. पाणी पडलं का वरचा थर आकसते, आतला तसाच राह्यते, मंग दगड फाटते. ओझं झेलाले हा पक्का, म्हणून पुलाले चालते. जाळाले कच्चा, म्हणून भट्टीले लावत नाई."

"माय वं!" लालीबाई आजी तिच्या पायावर कोसळली. "देवी ह्या पोरीच्या अंगात आली!"

कोणीतरी कुंकूही आणलं. अकीलानं पाय मागे ओढले. एवढं सांगून शेवटी हेच?

"आजी, उठा. हा तांब्या घ्या. दुसऱ्या तुकड्यावर तुमी ओता."

"मले मंतर येत नाई वं!"

"म्हणूनच तं!"

आजीनं डोळे मिटून पाणी ओतलं. तड्ड! तिनं स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. मग महाराजांकडे वळली.

"काहून रे, मंग तू आमाले तांब्याले हात कायले लावू देत नव्हता?"

महाराज नारळ गोळा करू लागले. हरिसिंगनं धुनीवर माती लोटली. "मिस्त्री, फाडी बसवा."

"आजी," अकीला थकून म्हणाली, "हा सवाल पाया पडायच्या आधी इचारत जा."