एकाच बोटीच्या दोन फेऱ्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकी म्हणजे माझे झाकण. ते पेचावर फिरवून घट्ट बसवतात. मित्रांनो, ग्वाल्हेरात भांडी पुष्कळ आहेत, आणि माझ्याहून चकचकीतही आहेत. पण एकाच बोटीतून लागोपाठ दोन फेऱ्या केलेला तांब्या इथे एकच, आणि तो मी. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. सगळे ऐकून झाले की मग बोला.

नया बाजाराच्या मागच्या गल्लीत दौलतसिंह नावाचे ठठेरे होते. ठठेरा म्हणजे भांडी घडवणारा. त्यांनी मला पितळेतून घडवले, आतून कल्हई केली, काठोकाठ पाणी भरून फिरकी लावली आणि कोऱ्या कागदावर उलटे टांगून ठेवले. कागद कोरडा राहिला. ते बघून रमाकांतरावांनी मला घरी आणले.

रमाकांतराव दरबारच्या दफ्तरात कामाला होते. अदबीचा माणूस. कोणत्याही दारातून ते आधी दुसऱ्याला जाऊ देत. त्यांना एक खोड मात्र होती. मला भरले की फिरकी ते स्वतः लावत, आणि अशी आवळत की त्यांच्या पत्नी लीलाबाई हात टेकत. मग त्यांची लेक राजलक्ष्मी गरम पाण्यात बुडवलेले फडके फिरकीवर गुंडाळायची आणि हसत हसत ती सोडवायची. घरात या कामाचा मान तिचाच होता.

पुढे राजलक्ष्मीचे लग्न झाले आणि ती थेट मालवणला गेली. तिचे यजमान भालचंद्र तिथे शाळेत शिकवत. देश स्वतंत्र झाला, ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थाने एकत्र येऊन मध्य भारत नावाचे नवे राज्य झाले. रमाकांतरावांचे दफ्तर मोडले. कोणाला कुठे बसवायचे, कोण वर आणि कोण खाली, हे नव्याने ठरू लागले. त्याच हिवाळ्यात राजलक्ष्मीला दिवस भरत आले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली.

लीलाबाई म्हणाल्या, पोर माहेरी येऊ शकत नाही तर आपण माहेर तिच्याकडे न्यावे. बाळ झाल्यावर तिचा पहिला घोट आपल्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्याचा असला पाहिजे. तसे त्यांनी कळवूनही टाकले. मला भरले. वाटेत कोणी माझ्यातले पाणी प्यायचे नाही, असे ठरले.

आगगाडीने मुंबई, आणि तिथून भाऊच्या धक्क्यावर कोकणची बोट. आम्ही कोणीच समुद्र बघितला नव्हता. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची असते, हेसुद्धा शेजाऱ्यांकडे बघून कळले. बोट हलू लागली तसे रमाकांतराव वळकटीवर आडवे झाले. बोटीवरचे पाणी त्यांना रुचेना. माझ्याकडे बघत, पण मागत नसत.

मालवण आले. आता ऐका, चूक कशी झाली. तिथे बोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब उभी राहते, पडाव नावाच्या होड्या जवळ येतात आणि लोक शिडीवरून त्यांत उतरतात. भोंगा झाला, झुंबड उडाली. लीलाबाई उठल्या तर रमाकांतरावांनी हाताने थांबवले.

"अगं, बसून राहा. आधी गर्दी उतरू दे न, मग आरामात उतरू. बोट लागली की सामान उचलायला कोणी येईलच."

गर्दी उतरली. कोणी आले नाही. किनारा मागे जाऊ लागला तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की ज्याची वाट बघत होतो तो प्लॅटफॉर्म या गावाला नाहीच. किनाऱ्यावर छत्री घेऊन उभे असलेले भालचंद्र लीलाबाईंना ओळखू आले. लीलाबाईंनी हात हलवला, पण तो तिकडे दिसला नसावा.

परतताना बोट पुन्हा मालवणला थांबते, बसून राहा, असे खलाशांनी सांगितले. आम्ही वेंगुर्ल्याला वळलो आणि परत निघालो. पण वारा सुटला, एकही पडाव बाहेर येईना, आणि बोट मालवणला न थांबता सरळ मुंबईला आली.

धक्क्यावर रमाकांतरावांनी खिशातला कागद काढला. ठरल्या तारखेला इंदूरला हजर व्हायचा हुकूम होता.

"हाजिर झालो नाही तर नाव कटून जाईल. आपण परत जाऊ."

"तुम्ही जा," लीलाबाई म्हणाल्या. "मी नाही येत. पोरीला मी येते म्हणून सांगून चुकले आहे."

रमाकांतरावांनी कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. मग त्यांनी नवे तिकीट काढून आणले, वळकटी बांधली आणि मला उचलले. माणूस तहानलेला होता, मला त्याच्या हातांवरून कळत होते. हात फिरकीवर गेला. त्यांनी ती उघडली नाही, आणखी आवळली, आणि मला लीलाबाईंच्या हाती देऊन स्टेशनाकडे वळले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी लागोपाठ दोन फेऱ्या करणार असेल तर अनुभवाचे बोल ऐकून ठेवा. बोटीत आधीच होतो म्हणून जागा आपली राहत नाही. डेक धुतात, तुम्हाला खाली उतरवतात, आणि मग सगळ्यांसारखी धाव घेऊन वळकटी पुन्हा पसरावी लागते. शेजारी नवे येतात आणि जुन्यांनी विचारलेलेच विचारतात. जेवण तेच, दीपस्तंभही तेच. पण पोट शहाणे झालेले असते. पाण्याचा नळ कुठे, वारा कोणत्या बाजूने लागतो, सारे पाठ असते. खलाशी ओळख दाखवतात. "काय वो बाय, परत इलात?" एकाने विचारले. लीलाबाईंना शब्द नवा होता, पण त्या मान डोलावून हसल्या. एकट्या बाईने असा प्रवास करणे आमच्या घराला ठाऊक नव्हते. रात्रभर त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती होता.

मालवणच्या आधीच त्या पदर खोचून शिडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे एक कोटवाले गृहस्थ सामानावर निवांत बसले होते.

"भाऊ, उठा," लीलाबाई म्हणाल्या. "इथे प्लॅटफॉर्म नाही येत."

पडाव खाली जाई, वर येई. तो वर आला तशा लीलाबाई उतरल्या, मला छातीशी धरून, सगळ्यांच्या आधी.

किनाऱ्यावर या वेळी कोणी नव्हते. घरी पोचलो तेव्हा राजलक्ष्मीच्या कळा सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी बोटीतून कोणी उतरले नाही हे ऐकून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती म्हणे. बाबांना हुकूम आला असेल, एवढेच बोलली होती. आता तिने आईचा हात धरला तो सोडलाच नाही. संध्याकाळी मुलगी झाली. तिचे नाव पुढे शामला ठेवले.

सुईणीने पाणी उकळून मगच द्या म्हणून बजावले. लीलाबाईंनी मला पुढे ओढले, पण फिरकी हलेना. भालचंद्रांनी जोर लावला, सुईणीने लावला. मी मुद्दाम करत नव्हतो, माझाही इलाज चालेना. इतक्या लांबून आणलेले पाणी पोटात घेऊन मी तिच्या उशाशी बसलो होतो, आणि ती तहानलेली होती.

राजलक्ष्मीने मान वळवून मला बघितले.

"बाबांनी लावली?" तिने विचारले.

"मुंबईला," लीलाबाई म्हणाल्या. "गाडीत बसण्याआधी."

राजलक्ष्मीचे डोळे भरून आले. मग ती हसली, आणि गरम पाण्याचे फडके मागितले. पडल्या पडल्या तिने ते फिरकीवर गुंडाळले, जरा थांबली आणि दोन बोटांनी फिरवले. मी उघडलो. पाणी काठोकाठ होते.

रमाकांतराव इंदूरला वेळेवर पोचले, शेवटचे का होईना, टेबल मिळाले. काही वर्षांनी ते राज्यही मोठ्या मध्य प्रदेशात मिसळले आणि दफ्तरे भोपाळला गेली. तोवर ते निवृत्त होऊन नातीला खेळवत होते.

आज मी पुन्हा ग्वाल्हेरात, सिटी सेंटर भागात शामलाताईंच्या घरी काचेच्या कपाटात असतो. माझ्या पोटात कागदी फुले आहेत आणि शामलाताईंची नातवंडे प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन प्रवासाला जातात. त्यांचा मला राग नाही. फुले मात्र काढा, चिंचेने घासा, कल्हई करून घ्या. आणि कुठे कोणी तुमची वाट बघत असेल तर गर्दी ओसरायची वाट बघत बसू नका, आधी शिडीपाशी जाऊन उभे राहा. जाताना मला भरून घ्या. मी अजून गळत नाही.