नैवेद्याआधीचा वास

यशोदाबाईंच्या तोंडून कधी 'नाही' ऐकलेला माणूस गावात शोधूनही सापडला नसता. गाव अल्लीपूरच्या अलीकडचं, कपाशीचं, दीडशे उंबऱ्यांचं. सासूनं म्हटलं ऊठ, तर उठल्या. नवऱ्यानं म्हटलं बस, तर बसल्या. नवरा गेल्यावर थोरले दीर महादेवराव म्हणतील ती पूर्व दिशा. लोक म्हणायचे, बाई असावी तर अशी, गरीब गाय. गाईला कधी कोणी काही विचारलं होतं का, हे मात्र कोणाला सुचलं नाही.

आणि त्यांच्या अगदी शेजारी ती कांता! कोणी म्हटलं आज शनिवार, तर ही आधी कॅलेंडर बघणार. ग्रामसभेत सगळे हात वर, हिचा एकटीचा खाली. एका लग्नात तिनं भर मांडवात भटजीला सांगितलं होतं की मुहूर्त टळून गेला. ते खरं निघालं, म्हणून तर लोकांना जास्त राग. यशोदाबाईसुद्धा तिच्या अंगणावरून जाताना पदर सावरून भराभरा पाय उचलायच्या. कोण तोंडी लागणार बाप्पा!

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी मारोतीच्या देवळात महाप्रसाद असतो. महादेवराव समितीचे अध्यक्ष, आणि वरण यशोदाबाईंच्या हातचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. यंदा नळाचं पाणी ऐनवेळी बंद पडलं. महादेवरावांचा मुलगा धीरज पहाटेच ट्रॅक्टर घेऊन विहिरीवर गेला आणि गुरांच्या कोठ्यातले चार निळे ड्रम भरून घेऊन आला. त्या पाण्यात वरणाचे दोन मोठे गंज, पातेल्यांहून दुप्पट, चुलीवर चढले.

आता या देवळाची एक रीत आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाची चव घ्यायची नाही. चवच काय, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही, देवाच्या आधी आपण जेवल्यासारखं होतं. बायका झाकण काढताना तोंड बाजूला वळवतात.

पण वास काय परवानगी घेऊन नाकात शिरतो? यशोदाबाईंनी फोडणी घालायला झाकण उचललं आणि हिंगाजिऱ्याच्या खालून आणखी कसला तरी उग्र भपकारा आला. कपाशीवर फवारा मारून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला येतो, तसला. त्यांचा हात थबकला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चुलीपाशी बसलेल्या नलूनं नाकाला पदर लावला होता, पण तो धुरामुळेही असेल. मोहिनीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळ्या लाटायला घेतल्या. कोणीच काही बोलेना, तेव्हा यशोदाबाईंनी मनाची समजूत घातली की आपलंच नाक बिघडलंय. तेवढ्यात महादेवराव डोकावले आणि काय घमघमाट सुटला आहे म्हणाले. सगळ्या बायका 'हो जी' म्हणाल्या. यशोदाबाईंचं 'हो जी' सगळ्यांच्या आधी निघालं.

पहिली पंगत लहान मुलांची बसली. यशोदाबाईंचा सहा वर्षांचा नातू पियुष पुढच्याच रांगेत, पत्रावळीवर पाणी शिंपडत. नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं आणि कांता आली. उशिरा आली, कारण आदल्या दिवशीच तिचं समितीशी वर्गणीच्या पावतीवरून वाजलं होतं. आली ती सरळ गंजापाशी गेली, झाकण उचललं आणि सगळ्यांदेखत वाकून वास घेतला. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"फवाऱ्याचा वास येऊन राह्यला याले," कांता म्हणाली. "कोणी खाऊ नका."

झालं, देऊळ उसळलं. दरवर्षी हिचं काही ना काही खुसपट असतंच, देवाच्या अन्नालाही सोडलं नाही, हिला बोलावलं कोणी, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. महादेवराव तर लालबुंद झाले. पाणी त्यांच्या मुलानं आणलेलं, प्रसाद त्यांच्या देखरेखीखालचा. त्यांनी यशोदाबाईंना पुढे बोलावलं.

"सांग यशोदा, तुले आला का वास?"

विचारलं कसलं, उत्तर हातात देऊनच विचारलं. यशोदाबाईंनी खाली पाहिलं.

"नाई जी."

आयुष्यातलं पहिलं 'नाही', आणि तेही खोटं!

कांता भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक वाटी घेतली, वरणानं भरली आणि यशोदाबाईंच्या हातात ठेवली.

"बरं. मंग पयले पियुषले वाढ."

नातवानं आजीकडे पाहिलं आणि पत्रावळ पुढे सरकवली. यशोदाबाई दोन पावलं गेल्या. वाटीतलं वरण हिंदकळून बोटांवर सांडलं, चटका बसला, तरी त्यांना कळलं नाही. मग त्या मागे वळल्या.

"भाऊजी, वास येते. मले मघापासून येऊन राह्यला. मी खोटं बोलली."

त्यांचा आवाज एरवी स्वयंपाकघराच्या बाहेर जात नसे, पण तो सगळ्या देवळानं ऐकला. मग मोहिनी म्हणाली, तिलाही आला होता. नलूही म्हणाली. बघता बघता सात-आठजणी निघाल्या! धीरज ड्रमांकडे धावला. चौथ्या ड्रमाच्या काठाखाली औषधाचा पांढरा थर होता. परवाच त्यात फवारणीचं औषध कालवलं होतं, मग ड्रम वरवर विसळून ठेवला होता, आणि पहाटेच्या अंधारात सगळे निळे ड्रम सारखेच. तो तिथेच डोकं धरून बसला.

महादेवरावांनी स्वतःच्या हातानं चुलीतली लाकडं ओढली. गुरांच्या तोंडी लागू नये म्हणून खोल खड्डा खणून सगळं अन्न पुरलं. घराघरातून भाकरी, ठेचा, दही आलं, आणि मारोतीलाही त्या दिवशी ज्वारीची भाकरी मिळाली. एकही लेकरू उपाशी गेलं नाही, आणि सगळी धडधाकट घरी गेली.

संध्याकाळी यशोदाबाई कांताच्या दारी गेल्या. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, तरी तिच्या पाया पडायला वाकल्या. कांतानं त्यांना अर्ध्यातच धरलं.

"तू नसती आली तं माह्याच हातानं..." यशोदाबाईंनी भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. "तुह्ये उपकार मी कसे फेडू, कांता?"

"उपकार कायचे? माह्यं कोण आयकते? मी रोजच ओरडून राह्यली. तू बोलली म्हणून चूल इझली." आणि लगेच तिनं विचारलं, की बोटाला तूप लावलं की नाही, का तेही कोणी सांगायची वाट पाहत होतीस? दोघी हसल्या. यशोदाबाई तर हसता हसता रडल्या.

दुसऱ्या दिवशी घरच्या देवाला नैवेद्य दाखवायचा होता. यशोदाबाईंनी वरणभाताचं ताट हातात घेतलं, थांबल्या, आणि वाकून सावकाश, चांगला वास घेतला. तुरीच्या डाळीचा, हिंगाचा, साजूक तुपाचा. मान वर केली तर दारात महादेवराव उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बरं हाये का?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"हो जी," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी ताट देवापुढे ठेवलं, वरणाची एक वाटी झाकली आणि कांताकडे निघाल्या.