शनिवारपर्यंत तरी मला कुणी घ्या

मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, माझी गोष्ट घाईघाईने सांगते, कारण माझ्याकडे वेळ उरलेला नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने सोमवारी वॉचमनला माझ्यासमोरच सांगितले, "ही शनिवारपर्यंत गेली तर गेली. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय." तेव्हापासून फाटकाशी कुणाचे पाऊल वाजले तरी मला वाटते, भंगारवालाच आला.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर रंगाचे पाच थर चढवले होते. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. रविवारी ते मला स्वतः धूत, मऊ फडक्याने पुसत आणि मगच फिरायला नेत. सिग्नलला थांबले की लोक माना वळवून बघत. खोटे कशाला बोलू, मी फार चढून गेले होते. शेजारी टेम्पो उभा राहिला तर मला कमीपणा वाटे.

मग डॉक्टरांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला पुतण्याला दिले. पुतण्याला माझा वेग आवडे, पण माझी विचारपूस करणे त्याला जमत नसे. एके दुपारी मोठ्या रस्त्यावर माझ्यातले पाणी संपले. समोरचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. मी जीव तोडून काटा दाखवत होते. तो एकटाच होता, मोठ्याने गाणी लावून चालला होता. त्याने काट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पोचल्यावर बघू." आम्ही पोचलो खरे, पण माझे इंजिन आतून भाजून निघाले होते. त्याने स्वस्तात काहीतरी डागडुजी केली आणि मला या विक्रेत्याला विकून टाकले.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. रात्रभर उभी राहिले की इंजिनात पाणी झिरपते. सकाळी चालू करताना मी थरथरते आणि ढगासारखा पांढरा धूर सोडते. एकदा तापले की मात्र काहीच कळत नाही. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते. गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला अर्धा तास चालू ठेवून तापवत असे.

गुरुवारी एक निवृत्त बसड्रायव्हर बायकोला घेऊन आले. त्यांनी एकतीस वर्षे बस चालवली होती, आणि त्या बसला ताशी साठच्या पुढे जाऊ न देणारे कुलूप होते.

"आयुष्यभर सगळ्यांनी मला ओव्हरटेक केलं," ते विक्रेत्याला म्हणाले. "आता एक तरी पळणारी गाडी हवी. पण फंडातले बाजूला काढलेत तेवढेच. गाडीही त्यातच आणि तिचं दुखणंखुपणंही त्यातच."

"आणि आमची गुडघेदुखी?" बायको म्हणाली.

"ती फुकट आहे, तिला कोण विकत घेतंय!"

आधी त्यांनी शेजारची करडी गाडी पाहिली. तिचा रंग जागोजागी उडालेला, दारावर पोचा. पण तिच्या मालकिणीने दुरुस्तीची एकूण एक पावती जपून ठेवली होती. ड्रायव्हरकाकांनी पावत्या नीट वाचल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी पावत्या बायकोच्या हातात दिल्या.

त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम कशी?"

"आत्ताच जागा बदलली, काका," विक्रेता म्हणाला.

मित्रांनो, मला बोलता आले असते तरी ही लबाडी मी उघड केली नसती. त्यांनी मला रस्त्यावर काढले आणि मी प्राण पणाला लावून पळाले. काकू आधी ओरडल्या, "अहो, हळू!" आणि वळण संपल्यावर हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या की अजून थोडी." काका लहान मुलासारखे हसत होते. परत आल्यावर त्यांनी विसार द्यायला खिशात हात घातला. मग माझ्या बॉनेटकडे पाहून हात तसाच बाहेर काढला. म्हणाले, "उद्या आठला येतो. तोवर चालू करू नका."

विक्रेत्याने मान डोलावली. सकाळी साडेसातला येऊन मला तापवायचे, हे त्याने ठरवले होते. पण ड्रायव्हर माणूस ड्यूटीच्या तासभर आधी डेपोत हजर असतो, हे त्याला कुठले ठाऊक? काका काकूंना घेऊन सातलाच आले. वॉचमनने किल्ली दिली.

मी थंडगार होते. त्यांनी किल्ली फिरवली. आज एवढा एकच दिवस, असे मी स्वतःला विनवत होते. मी खोकले, थरथरले, आणि सगळे आवार पांढऱ्या धुराने भरून गेले. त्यांनी मला बंद केले आणि तेलाचे झाकण उघडले. तेलात पाणी मिसळून आत दुधावरच्या सायीसारखा थर जमला होता.

"दुरुस्त करून घेऊ ना," काकू म्हणाल्या. "इतकी आवडलीय तुम्हाला."

"त्या पैशात दुसरी गाडी येईल गं. आणि फंड काय दोनदा मिळतो?" त्यांनी झाकण पुन्हा घट्ट बसवले. "कुणीतरी हिला तापलेली असताना दामटलीय. अर्धा तास सावलीत उभी केली असती, तर आज मी हिला घरी नेली असती."

ते करडी गाडी घेऊन गेले. तिचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. मी गेले असते तर आठ दिवसांत त्यांना रस्त्यात सोडले असते, त्यांच्या म्हातारपणाचे पैसे गिळले असते. हे मला माहीत होते. तरीही त्यांनी फसावे असे मला वाटत होते. मरणाची भीती माणसाला काय, गाडीलाही लाज सोडायला लावते.

आज शनिवार आहे. फाटकाशी क्रेन आली आहे आणि एक जण माझ्याखाली साखळी सरकवतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही तसाच एक काटा किंवा लाल दिवा असेल. काटा लाल रेघेवर गेला किंवा दिवा लागला की मागच्या सीटवरून ओरडा. मोठी माणसे रागावतील, उशीर होतोय म्हणतील. तरी ओरडा, गाडी बाजूला घ्यायला लावा. माझ्यात मागची सीटच नव्हती.