मुलगी येईल तेव्हाचे तिकीट

इटलीतल्या पेझारोच्या चर्चच्या सभागृहात मी दर गुरुवारी दुपारी इटालियन शिकवतो. वृद्धांची देखभाल करणाऱ्या परदेशी बायकांना तीच दुपार सुटीची मिळते. तंत्रविद्यालयात घडलेला माणूस असल्याने माझी पद्धत ठरलेली आहे: आधी काम कोणते, मग त्यासाठी वाक्ये कोणती.

त्यांतल्या ल्युबाचे काम स्पष्ट होते. तिची मुलगी सहा वर्षांनी भेटणार होती. मोल्दोव्हाहून ती बसने व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला येणार, तिथून ल्युबा तिला रेल्वेने घेऊन येणार, आणि सीमेवर बस किती तास अडकेल याचा नेम नव्हता. ठरल्या वेळेचे स्वस्त तिकीट काढले तर मुलगी पोहोचण्याआधीच परतीची गाडी निघून जायची. म्हणून मी कार्डावर चार वाक्ये क्रमाने लिहून दिली: येतानाची दोन तिकिटे हवीत, वेळ बदलता येईल अशी द्या, किती वेळा बदलता येईल, गाडी चुकली तर काय.

स्टेशनात मी मुद्दाम तिच्या मागे उभा राहिलो. पहिली दोन वाक्ये उत्तम झाली. मग खिडकीतल्या बाईंनी विचारले, "किती वाजताची?"

हे कार्डावर नव्हते. वाक्ये मी फक्त प्रवाशाची लिहिली होती, खिडकीचे एकही नाही.

ल्युबाने कार्ड उलटून पाहिले. तोवर रांग गप्प राहीना. आमच्याकडे रांगा गप्प राहत नाहीतच. कुत्रेवाल्या बाईंनी संध्याकाळची गाडी सुचवली. त्यांच्यामागच्या गृहस्थांचे मत असे की स्वस्तातले घ्यावे आणि तपासनिसासमोर रडावे. मीही तोंड उघडले, तेवढ्यात ल्युबा वळली.

"मास्तर, तुम्ही थांबा जरा." मग खिडकीकडे पाहून ती म्हणाली, "मुलगी येईल तेव्हाची."

"म्हणजे वेळेवरची नक्कीच नाही," बाई हसल्या. "माझ्याही घरी असलंच एक रत्न आहे. तीनची देते. सुटायच्या आधी हवं तितक्यांदा बदला. सुटल्यावर मात्र एकदाच, तेही तासाभरात."

उरलेली दोन वाक्ये विचारावी लागलीच नाहीत.

रविवारी ल्युबाने तीनची चारची करून घेतली, चारची पाचची. पावणेपाचला बस आली. पाचची गाडी सहज मिळाली असती. तरी सव्वापाचला तिचा मला मेस्त्रेहूनच फोन आला.

"मास्तर, पाचची सुटायच्या आधीच सहाची करून घेतली. पोरगी उपाशी होती. अजून खातेच आहे, आणि मी बघत बसलेय. सातची करू का?"

करा, म्हटले.