तिसरी डिस्क

भाच्याने एंटर दाबलं आणि मग त्याला सकाळची गोष्ट आठवली.

इस्पितळाच्या त्या अगडबंब मेनफ्रेम संगणकावर, जगभरातले लोक मिळून लिहितात ती, कुणालाही फुकट मिळणारी, उघड्या कोडची ऑपरेटिंग सिस्टीम चालवून दाखवायची, हे खूळ त्याचं. परवानगी मात्र मामीच्या शब्दावर मिळालेली. मामी मशीनरूमची प्रमुख. वरिष्ठांनी नाकं मुरडली तेव्हा, काही बिघडलं तर मी जबाबदार, असं ती सांगून बसली होती. वर्षभर भाचा मेनफ्रेमचा एक कोपरा आणि तीन डिस्क घेऊन झटत होता. पहिलीवर सिस्टीम, दुसरीवर त्याने लिहिलेला सगळा कोड, तिसरी चाचणीसाठी रिकामी. तिसरी पुसायची आणि पुन्हा भरायची, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

आजही त्याने तेच केलं. पण आज सकाळी मामीने रुग्णांच्या नोंदींची डिस्कही त्याच्या कोपऱ्याला जोडून दिली होती. नवी सिस्टीम त्या नोंदी वाचते का, ते साहेबांना दाखवायचं होतं. आणि ही सिस्टीम सुरू होताना डिस्क जशा सापडतील तसे त्यांना नंबर देते. एक मध्ये घुसली की पुढच्या सगळ्या सरकतात. हे या शहाण्याने स्वतःच चारचौघांना समजावलं होतं. मग आता तिसरी कोणती?

पडद्यावर पुसल्याची टक्केवारी वाढत होती. थांबवूनही उपयोग नव्हता, सुरुवातीचा भाग केव्हाच गेला होता. कालपर्यंतच्या नोंदींची प्रत टेपवर होती, पण आजच्या? कुणाला कोणतं औषध चालत नाही, ते वरच्या मजल्यावरच्या नर्स त्याच नोंदींत बघत होत्या. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो धावत मामीच्या टेबलापाशी गेला.

"मामी, मी बहुतेक नोंदींची डिस्क पुसली."

मामीचा चेहरा उतरला. ती ओरडली नाही. आधी तिने वॉर्डात फोन करून सांगितलं, पडद्यावर विसंबू नका, कागद बघा. मग आपल्या कन्सोलवर नोंदींची डिस्क उघडायला घेतली. तिची बोटं दोनदा चुकली.

"शाबूत आहे," ती अखेर म्हणाली. "तुझ्याकडे ती पहिली झाली होती."

भाचा हसत सुटला. मामीची नोकरी वाचली होती, रुग्ण वाचले होते. मामी मात्र हसली नाही. ती मनातल्या मनात नंबर मोजत होती.

"मग तुझी दुसरी तिसरी झाली. तू पुसलीस ती तुझ्या कोडची."

त्याचं हसू विरलं.

जगभरातल्या तुझ्या त्या मित्रांकडे प्रत असेलच की, मामीने विचारलं. सगळे मिळूनच करता ना तुम्ही हे? खरं होतं. कच्चं असलं तरी पाठव, असं ते कितीतरी महिने त्याच्या मागे लागले होते. आणि तो दर वेळी सांगायचा, जरा नीटनेटकं करून पाठवतो.

"नाही पाठवलं," तो म्हणाला. "लोक हसतील म्हणून."